विचारून घ्या

सकाळी आमच्या घरमालकांच्या हातात काचेची एक बरणी असायची. कधीकाळी तिच्यात कॉफी होती. लेबल त्यांनी नखाने खरवडून काढलं होतं, तरी गोंदाचा एक पट्टा राहिलाच होता. बागेच्या कोपऱ्यातल्या हौदाशी ते उकिडवे बसायचे, बरणी बुडवायचे, उजेडाकडे धरून पाहायचे आणि मग नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. माझ्या खोलीची खिडकी नेमकी त्या हौदावर उघडायची. तोंडात ब्रश धरून मी बघत राहायची. डोळे उघडले की ते निकाल द्यायचे, समोर कुणी नसलं तरी मोठ्याने. "पास!" क्वचित एखाद्या दिवशी, "हवा कमी पडली आज." म्हणजे नापास. मग त्या दिवशी पाटाचं तोंड बंद आणि वांगी उपाशी.

बरणीतलं पाणी आमचंच असायचं. आमचं म्हणजे आमच्या आंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं, आणि आसपासच्या सगळ्या इमारतींचं. ते पाइपांतून खाली नाल्याकाठच्या केंद्रात जायचं. तिथे मोठमोठ्या टाक्यांत त्याच्यात हवा फुंकली जायची, गाळ खाली बसायचा आणि वरचं साफ झालेलं पाणी खाडीकडे सोडून दिलं जायचं. खाडीकडे निघालेल्या त्या पाण्याचा एक फाटा घरमालकांनी खूप खेटे घालून आपल्या जमिनीवर वळवून घेतला होता.

मी त्यांना चाचा म्हणायची, कारण सगळेच म्हणायचे. पनवेलच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. अर्धं आयुष्य आखातात गेलेलं, तेही मैलापाणी साफ करणाऱ्या कारखान्यात. तिथल्या रस्त्यांच्या मधोमध फुललेली फुलं आणि ओळीने उभी खजुराची झाडं त्याच पाण्यावर जगतात, हे ते अशा अभिमानाने सांगायचे की जणू प्रत्येक झाड त्यांनी हाताने लावलं होतं. तिथले इंजिनिअर कागदावरचे आकडे येण्याआधी यांना बोलवायचे म्हणे. "लॅबवाला उद्या सांगतो, बेटा. नाक आत्ता सांगतं." परत आलेल्या बाकीच्या लोकांनी दुकानं टाकली, गाड्या घेतल्या. यांनी पाइप टाकला. त्यांचे थोरले भाऊ लग्नकार्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "लोक तिकडून अत्तर घेऊन येतात. आमचा भाऊ गटार घेऊन आला." चाचा सगळ्यांत आधी हसायचे.

आम्ही मुंबईहून जागा बघायला आलो तेव्हा बाबांनी मनाशी तयारी केली होती. कुटुंबात किती जण, कुठले, काय खाता, असे प्रश्न येतील म्हणून. चाचांनी यातलं काहीच विचारलं नाही. आईकडे बघून म्हणाले, "ॲसिड वापरता?"

"ॲसिड?" आई घाबरलीच.

"संडासात. फरशीला. ते पिवळ्या बाटलीतलं."

"क्वचित... दिवाळीला वगैरे."

"इथे नाही वापरायचं. तुम्ही वर जे ओताल ते खाली माझं वांगं पिणार."

परत जाताना रिक्षात आई बाबांना म्हणाली, "माणूस ठीक आहे ना हा?" बाबा म्हणाले, "निदान आपल्याला काय खाता म्हणून तरी विचारलं नाही."

हे मात्र पूर्ण खरं नव्हतं. कोण काय खातं यात चाचांना जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त रस होता. स्वतःच्या घरी जेवायला बसले की ताटातल्या प्रत्येक भाजीकडे बोट करून आधी विचारायचे, "ही कुठली?" चाची म्हणायच्या, "बाजारातली." "बाजारात कुठली?" "बसलेल्या बाईकडची." "बाईने कुठून आणली?" चाची पळी आपटायच्या. "खुदा के वास्ते, खा ना! मी काय तिच्या मागे शेतात जाऊ?" उत्तर मिळाल्याशिवाय मात्र हात लागायचा नाही. मी इतक्या वेळा त्यांच्याकडे जेवले, आणि एकदाही हा संवाद चुकला नाही.

मी इंग्रजी माध्यमातली. मराठी आमच्या घरात होती, पण ती जेवणाची, रागवण्याची आणि देवाची. बाहेर मी फारसं कुठल्याच भाषेत बोलायची नाही. खाली बागेत मी जायची ती त्यामुळेच. तिथे बोलायचं काम चाचा करायचे. एकदा मी वांग्यांच्या ओळीकडे हात करून "हा बेड" म्हणाले तर ते दुखावले. "वाफा म्हण. बेडवर माणूस झोपतो." मग पाट, बांध, गाळ. "आणि हे बघ, असं झालं ना पाणी, तळ दिसला, की नितळ." हा शब्द मी तोपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. पाण्याचं माझं सगळं मराठी मला त्यांनी शिकवलं. ते स्वतः मात्र चिडले की "पानी" म्हणायचे.

बागेचे त्यांचे नियम कडक होते. पाणी मुळाला, पानाला नाही. पालक, कोथिंबीर, काकडी, कच्चं खाल्लं जाईल असं काही लावायचं नाही. वांगी, दुधी, लाल भोपळा, पडवळ, केळी, आणि कडेने झेंडू. तोडणीच्या आधी काही दिवस पाणी बंद. वेलाचं फळ जमिनीला टेकता कामा नये, म्हणून दुधीला मांडव आणि भोपळ्याखाली वाळलेला पेंढा. एखाद्या वांग्यावर पाटाचा शिंतोडा उडालेला दिसला तर ते वांगं तिथल्या तिथे खड्ड्यात. मशिदीतल्या मौलवीसाहेबांनाही ते विचारून आले होते. पाण्याचा रंग, वास आणि चव बदललेली नसली तर पाणी पाक, म्हणजे शुद्ध, असं काहीसं उत्तर मिळालं होतं. "रंग बघतो, वास घेतो," चाचा सांगायचे. "चवीचं तेवढं अल्लाहने माफ करावं."

आणि फाटकावर पाटी. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने, त्यांच्याच हातची, अक्षरं उजवीकडे सरकत बारीक होत गेलेली:

येथील भाजी साफ केलेल्या मैलापाण्यावर पिकवली आहे. विचारून घ्या.

त्या पाटीमुळे त्यांची भाजी कुणी घेत नसे. लोक थांबून वाचायचे, हसायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. शाळेतून येणारी मुलं नाक धरून पळायची. वेलावर लटकलेले पोपटी दुधी, तुकतुकीत वांगी, सगळं बघून एखादी बाई फाटकापर्यंत यायची, पर्स उघडायची, आणि मग तिची नजर वर जायची.

बाजारात कोपऱ्यावर बसणारी एक आगरी भाजीवाली होती. गव्हाण गावाकडची. चाचांचं आणि तिचं रोज भांडण व्हायचं आणि दोघांनाही त्यात मजा यायची. चाचा तिच्यासमोर उभे राहून मोठ्याने विचारायचे, "हा पालक कुठल्या पाण्याचा?"

"ताजा हाय."

"ताजा आहे ते दिसतंय. पाणी कुठलं?"

"नाल्याचं. नायतर काय गंगेचं?" ती पेंढी झटकायची. "साऱ्या गावाची भाजी नाल्यावरच होते. कोन इचारतं? तुमी एकटे इचारता आन घेत तर काय नाय."

"निदान साफ करून तरी घाला!"

"आमी कशाला साफ करू? घान आमी केली काय?"

चाचा हसत परत फिरायचे. घरी येऊन ते हे वाक्य कौतुकाने परत परत सांगायचे.

तिने एकदा त्यांच्यापुढे रीतसर प्रस्ताव ठेवला. बागेतला सगळा माल ती उचलेल, रोज, स्वतः येऊन. चाचींनी तिला चहा दिला. पहिल्यांदाच त्या बागेविषयी त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती. भाजीवाली म्हणाली, "चाचा, येवरा सोन्यासारखा माल कुजवता. मना द्या. फकस्त ती पाटी नको."

"पाटी तुझ्या टोपलीवर पण लागेल. मी रंगवून देतो."

भाजीवाली चाचींकडे बघून हसली. चाची हसल्या नाहीत. ती गेल्यावर म्हणाल्या, "कुणी विचारलंय का तुम्हाला? जग न सांगता विकतं. तुमचं तर साफ असतं, तरी तुम्हीच ओरडून सांगता!"

"साफ आहे म्हणूनच सांगता येतं ना," चाचा म्हणाले. "लपवून विकलं तर लोकांना कळणार कधी, की असं पण होऊ शकतं?"

त्यांना एवढंच हवं होतं. एका घराने माहीत असून खावं. पाटी वाचून, विचारून, आपल्या पोराबाळांना शिजवून घालावं. बाकी भाजी विकली न विकली, त्यांचं काही अडत नव्हतं. तिकडे आखातात त्यांनी आयुष्यभर साफ केलेलं पाणी फुलांना गेलं आणि झाडांना गेलं. माणसाच्या पोटात त्यातलं काही पोचलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकू दर आठवड्याला वासाची तक्रार घेऊन यायच्या. नाकाला पदर, हातात रुमाल, आणि मागे दोन बायका. "चाचा, काल रात्री तर बसवेना हो घरात. पाहुणे आले होते, लाज वाटली." माझी खिडकी त्यांच्यापेक्षा कितीतरी जवळ होती, आणि मला ओल्या मातीखेरीज कसलाच वास येत नसे. पण मला कुणी विचारत नव्हतं, आणि मी आपणहून बोलणाऱ्यांतली नव्हते.

एका उन्हाळ्यात चाचांनी काय केलं, तर कुणाला न सांगता केंद्राकडून येणारा व्हॉल्व्ह बंद केला. हौद उपसून घासला, उन्हात वाळवला आणि टँकर मागवून पिण्याच्या पाण्याने भरला. वांग्यांना आठवडाभर पिण्याचं पाणी. आठवड्याच्या शेवटी काकू आल्या, पदर नाकाला. "आज तर अगदीच सहन होत नाहीये."

"आज जास्त येतोय?"

"खूपच."

"कालपेक्षा?"

"अहो, डोकं दुखतंय माझं!"

चाचांनी त्यांना हाताला धरलं नाही एवढंच. हौदापाशी नेलं, बरणी बुडवली आणि सगळ्यांदेखत गटागटा पाणी प्यायले. मागच्या बायकांतली एक किंचाळली. मग त्यांनी टँकरवाल्याची पावती काकूंच्या पुढ्यात धरली. "तुमच्या घरातल्या नळाला येतं तेच आहे. वास नाकात नाही काकू, डोक्यात आहे!"

ही गोष्ट दोन दिवसांत सगळीकडे झाली. काकू पुढे खूप दिवस फिरकल्या नाहीत. आणि खरंच फरक पडला. आधी बाबा, ज्यांना ऑफिसातून येताना कुणाच्यातरी फजितीची गोष्ट ऐकायला आवडायची, खाली जाऊन दोन वांगी घेऊन आले. आई म्हणाली, "मी हात लावणार नाही." बाबांनी स्वतः भरीत केलं. मी खाल्लं. आईने शेवटी भाकरीच्या तुकड्याने कडेचं थोडं उचललं. मग मागच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर. मग शेजारच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक तरुण बाई, जिचा मुलगा नुकता वरणभात खायला लागला होता. ती फाटकावर थांबली, पाटी पूर्ण वाचली आणि खरंच विचारलं. चाचांनी तिला अर्धा तास समजावलं. हवा, गाळ, पाट, मूळ, तोडणी. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे रोज तुम्ही स्वतः तपासता?"

"रोज. पास झाल्याशिवाय एक थेंब नाही."

तिने एक कोवळा दुधी घेतला, मुलाच्या खिचडीत घालायला. ती गेल्यावर चाचा बांधावर बसून राहिले. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. जवळ गेले तर रडत होते.

यानंतरची दोन-तीन वर्षं त्यांची चांगली गेली असावीत. मी कॉलेजात होते. इकडे विमानतळ येणार, जमिनी जाणार, बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळणार, याखेरीज कुणी काही बोलत नव्हतं, आणि चाचा मात्र दुधीबद्दल बोलायचे. तरुण बाईचा मुलगा चालायला लागला, तो फाटकात येऊन "चाचा दुदी" म्हणायचा.

तो वास मला पहिल्यांदा एका पावसाळ्याच्या शेवटी आला. सकाळी खिडकी उघडली आणि लगेच लावली. वाटलं, उंदीर मेला असेल. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "आज येतोय हं खरंच." बाबा हसले. "काकूंची लागण झाली तुला." खाली चाचा डोळे मिटून बरणी हुंगत होते. "पास!"

मग काकू आल्या. अवघडून, नाकाला पदर न लावता. "चाचा, मी मागचं धरून बोलत नाहीये, पण..." चाचांनी त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "नाकात की डोक्यात?" बागेत उभे असलेले सगळे हसले. काकूही कसनुशा हसल्या आणि गेल्या. मास्तरांनी दबकत विचारलं, त्यांनाही तेच उत्तर. एकदा ज्याने आख्खी सोसायटी खोटी पाडली होती, त्याला आता कोण आणि कसं पटवणार? आम्हालाही आमच्या नाकाची खात्री नव्हती. टँकरच्या पाण्यालाही वास आला होता की लोकांना.

एका सकाळी मी कॉलेजला निघाले असताना त्यांनी हाक मारली. "बेटा, इकडे ये. सगळे मला सांगतायत वास येतो. तू कधी कुणाच्या बाजूने बोलत नाहीस. तू सांग." त्यांनी बरणी माझ्यापुढे धरली.

पाणी वरून नितळ होतं. मी नाक जवळ नेलं आणि लगेच मागे घेतलं.

"येतोय," मी म्हणाले.

"कसला?"

"अंड्याचा. सडलेल्या."

हा वास कशाचा हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पाण्याला हवा मिळाली नाही की येतो तो. त्यांनी बरणी परत घेतली, नाकाशी धरली, इतक्या जोरात श्वास ओढला की पाणी मिशीला लागलं. परत ओढला. मग ओट्याकडे वळून चाचींना हाक मारली. "तू बघ गं."

चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण बरणीला हात लावला नाही. "मला नको दाखवू," त्या म्हणाल्या. इतरांसमोर त्या त्यांना अहोजाहो करायच्या, तेव्हा विसरल्या. "दूध उतू जाऊन करपतं आणि तू शेजारी बसून पेपर वाचतोस. ईदला अत्तराची बाटली सांडली तर म्हणालास, पाणी कुणी सांडलं. किती दिवस झाले, तुला कशाचाच वास येत नाही."

"तू बोलली नाहीस."

"वय झालं की होतं, असं वाटलं मला. घरातली गोष्ट. मला काय माहीत तू अजून नाकानेच..." त्यांनी सूप परत मांडीवर ओढलं.

चाचा बरणी घेऊन तसेच फाटकाबाहेर पडले. चाचींनी मला खुणेने मागोमाग जायला सांगितलं. केंद्रापाशी पोचल्यावर मला आधी शांतता जाणवली. चाचा मला पूर्वी एकदा तिथे घेऊन गेले होते, तेव्हा हवा फुंकणाऱ्या मशिनच्या आवाजात ते ओरडून बोलत होते. आता टाक्या नुसत्या उभ्या होत्या, वर काळसर साय धरलेल्या. तिथला माणूस खुर्चीत चहा पीत होता. त्याने चाचांना उठून नमस्कार केला.

"मशीन?"

"मोटर जळली चाचा. ठेकेदार दुरुस्तीला घेऊन गेला. येईल येईल म्हणतोय."

"कधी नेली?"

"पाऊस लागायच्या आधी."

"मला का नाही सांगितलं?"

तो माणूस खरोखर गोंधळला. "पण पाणी तर येत होतं ना तुम्हाला?"

चाचांनी बरणीतलं पाणी टाकीत ओतून टाकलं. येताना ते माझ्या चार पावलं पुढे चालत राहिले. घरी आल्यावर व्हॉल्व्ह बंद केला, हातपाय साबणाने धुतले आणि ज्यांनी ज्यांनी भाजी नेली होती त्यांच्या दारात गेले. आधी आमच्याकडे. आईने "असू दे हो चाचा" म्हटलं आणि दार लागल्यावर फ्रीजमधली वांगी उचलून पिशवीत भरली. मास्तरांनी बसवून पाणी दिलं. वाटेत काकू भेटल्या. चाचांनी थांबून त्यांनाही सांगितलं. "मी तर पहिल्यापासून सांगत होते," काकू म्हणाल्या. चाचा म्हणाले, "तुम्ही बरोबर होतात," आणि पुढे चालायला लागले.

तिसऱ्या मजल्यावर तरुण बाईने दार उघडलं तेव्हा मुलगा तिच्या कडेवर होता. मान टाकलेली, हातावर पट्टी. चाचांनी पट्टीकडे पाहिलं.

"कालच घरी आणलं," ती म्हणाली. "जुलाब थांबेनात. सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत कशानेही होतं."

"काय खाल्लं होतं?"

"नेहमीचंच. खिचडी, दुधी..." ती थांबली.

मग चाचांनी सांगितलं. मोटर, टाक्या, आणि स्वतःचं नाक. काही गाळलं नाही. ती ऐकत होती आणि मुलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेत होती, जणू त्यांच्यापासून लांबची बाजू शोधत असावी.

"तुम्ही रोज तपासता म्हणाला होतात," ती शेवटी म्हणाली. आवाज चढवून नाही. मुलाने चाचांकडे हात केला. तिने दार लावून घेतलं.

मुळाला दिलेलं पाणी, मांडवावरचा दुधी, तोही सोललेला आणि कुकरमध्ये शिजवलेला. त्यातून मुलाला काही झालं असेल असं मला आजही वाटत नाही. त्या दिवसांत नळालाही गढूळ पाणी येत होतं. जिना उतरताना मी हे सगळं जमेल तसं बोलले. त्यांच्याशी इतकं सलग मी पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणाले, "असेल. पण मी पास म्हटलं होतं, बेटा."

संध्याकाळी त्यांनी पाटी काढली. खिळे राहिले.

वेल उन्हाने वाळले, मांडव एका बाजूला कलला. ते ओट्यावर बसायचे, बागेकडे पाठ करून. मुलगा बरा झाला, फाटकावरून आईचा हात धरून जायचा. चाचा आत निघून जायचे. आखातातून कुणाकुणाचे फोन यायचे तेही घेईनासे झाले. चाची म्हणायच्या, जेवतात, पण कशाची चव लागत नाही म्हणतात.

जमिनीत थोरल्या भावाचा हिस्सा होता. त्या भावांनीच ती गव्हाणच्या भाजीवालीला खंडाने लावून दिली. तिने जमीन खणून वाफे पाडले आणि पालक लावला, माठ, मेथी, कोथिंबीर. व्हॉल्व्ह उघडला. मोटर अजून आलेली नव्हती. पाणी ती बादलीने वरून शिंपडायची, पानांवर, कारण तसा पाला लवकर भरतो.

मला पुण्यात नोकरी लागली होती. सुट्टीला घरी आले तेव्हा फाटकाशी तिची टोपली होती आणि भोवती रांग. सेक्रेटरी काकू एक पेंढी नाकाशी नेऊन म्हणत होत्या, "काय सुंदर ताजा वास आहे गं." वर आईने तोच पालक निवडायला घेतला होता. माझी खिडकी बंद होती, फटींना कागद चिकटवलेला.

"आई, पाणी कुठलं आहे माहीत आहे ना?"

"शिजवल्यावर काय राहतं?" आई म्हणाली. "आणि निवडून देते बिचारी."

खाली गेले. भाजीवालीने मला ओळखलं, म्हणाली, "चाचांना सांग, कोन इचारलं तर मी खोटं नाय सांगनार. नाल्याचंच सांगीन. पन कोन इचारतच नाय."

चाचींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चाचा आधीच ओट्यावर ताट घेऊन बसले होते. बारीक झाले होते. माझी नोकरी, खोली, पुण्याचा पाऊस, सगळं त्यांनी नीट विचारलं. चाचींनी भात वाढला, आमटी वाढली, आणि मग कढईतून पालक. तो वाढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ओट्यावरून फाटक दिसत होतं, टोपली दिसत होती, भाजीवाली हातावर पाणी घेऊन पेंढ्यांवर शिंपडत होती. चाचांनी तिकडे पाहिलं. मग ताटातल्या पालकाकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात किंचित वर आला, पूर्वीसारखं बोट पुढे होतंय असं वाटलं.

चाची पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. मीही घास हातात धरून थांबले.

चाचांनी हात खाली आणला, पालक भातात कालवला आणि खायला लागले.